ताटाची डावी बाजू

सुरुवातीलाच तारखा आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी ‘आम्हाला कळवले नव्हते’ असे म्हणणार नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा: डोळ्यांच्या दवाखान्यातील डॉक्टर. यांनी माझी तक्रार अर्धवट ऐकून नवा चष्मा लिहून दिला.

मार्च, संपूर्ण महिना: माझी पत्नी शैला आणि मी. आम्ही एकाच टेबलावर जेवत होतो आणि एकमेकांना एक साधा प्रश्न विचारत नव्हतो.

एप्रिलचा पहिला शनिवार: शेजारच्या मिनामि-सान, आपल्या पद्धतीने म्हणायचे तर मिनामिबाई. यांनी माझी माफी मागितली. ती मागण्याचे त्यांना काहीही कारण नव्हते.

जूनचा पहिला दिवस: आमच्या गावच्या नगर कार्यालयाचा वाहतूक विभाग. यांच्याविषयी शेवटी, आणि सविस्तर.

मी ओसाकातील एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी केली. एखाद्या वाक्यातून जबाबदारी कोठे निसटते ते शोधणे, हे माझे आयुष्यभराचे काम. निवृत्तीनंतर शैला आणि मी जपानातच समुद्रकाठच्या एका लहान गावात घर घेतले. पुण्यातला माझा एक वर्गमित्र नुकताच थायलंडच्या किनाऱ्यावर घर पाहून आला आणि त्याने मला विचारले, “तिकडे फिरायचं कसं रे या वयात? स्कूटर घेऊ का?” त्याला लिहिलेले उत्तर वाढत वाढत हे झाले. माझ्यासारखे दुखणे ज्यांच्या घरात आले असेल, त्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

चटणी

शैलाच्या माहेरी पानात काय कोठे वाढायचे, याला कायद्याचे बळ होते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. इतकी वर्षे जपानात काढली, पण आमच्या ताटाचा नकाशा तिने बदलू दिला नाही.

माझा रक्तदाब वाढलेला होता आणि डॉक्टरांनी मीठ, लोणचे कमी करायला सांगितले होते. मार्चच्या सुरुवातीला माझ्या लक्षात आले की ताटात चटणी येत नाही. लिंबू नाही, कोशिंबीर नाही. मला न विचारता, न कळवता, एकतर्फी निर्णय झाला आहे असे मी समजलो. तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे मी मागितली नाही. मुकाट्याने आमटी-भात जेवून उठत असे.

शैला मात्र रोज चटणी वाढत होती, आणि रोज ती तशीच राहिलेली पाहत होती. तिची समजूत अशी झाली की मी अखेर डॉक्टरांचे ऐकले. तिने पुण्याला बहिणीला फोनवर सांगितले, “ह्यांनी मीठ, लोणचं सगळं सोडलं बघ. आपणहून. एका शब्दाने बोलले नाहीत.” बहीण म्हणाली, “मग नक्की काहीतरी बिघडलंय.” दोघी हसल्या.

बहिणीचे म्हणणे खरे होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझे डोके विलक्षण दुखले होते आणि थोडा वेळ अक्षरे नाचली होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नंबर वाढला आहे. नवा चष्मा आला, आणि मी गाडी चालवत राहिलो.

ओरखडे

आमच्याकडे, येथे लहान खासगी गाड्यांना असते तशी, पिवळ्या नंबरपट्टीची छोटी गाडी होती. मार्चमध्ये तिच्यावर ओरखडे येऊ लागले. आधी मागच्या दारावर, मग पुढच्या, मग बाहेरचा आरसाच मोडला. मी सुपरमार्केटच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिले की आपल्या आवारात कोणी अज्ञात इसम माझ्या मालमत्तेचे नुकसान करत आहे. मग चौकीवर गेलो. तेथील हवालदाराने गाडीभोवती एक फेरी मारली.

“दामले-सान, सगळे ओरखडे डावीकडेच आहेत,” तो म्हणाला.

“याचा अर्थ तो इसम सराईत आहे,” मी म्हणालो.

त्याने ते लिहून घेतले. आज वाटते, त्याने तेव्हा थोडे उद्धटपणे वागायला हवे होते.

मिनामि-सान

मिनामि-सान आमच्या शेजारी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, म्हणून चार चाकांची ढकलगाडी धरून चालतात. एप्रिलच्या त्या शनिवारी सकाळी त्या दारात आल्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला.

“परवा मी तुमच्या गाडीच्या वाटेत आले. आपल्याला फार त्रास झाला असेल. क्षमा करा.”

“काही हरकत नाही,” मी मान लववून म्हणालो. “यापुढे काळजी घ्या.”

हे वाक्य मी उच्चारले. ते येथे जसेच्या तसे नोंदवतो.

शैला स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिने हलक्या आवाजात विचारले, “अहो, तुम्ही नमस्कार कोणाला करताय?”

“मिनामि-सानना.”

“त्या इकडे उभ्या आहेत. तुम्ही चपलांच्या कपाटाशी बोलताय.”

मी मान पुष्कळ वळवली तेव्हा मिनामि-सान सापडल्या. हातात संत्र्यांची पिशवी होती. बाहेर त्यांची ढकलगाडी होती. तिचे एक चाक वाकलेले होते आणि त्यावर आमच्या गाडीचा पांढरा रंग लागला होता. रस्त्याच्या डाव्या कडेने चालणाऱ्या या बाईंना मी घासून गेलो होतो. मला कळलेही नव्हते.

त्या गेल्यावर शैलाने मला टेबलाशी बसवले. जेवणाची वेळ झाली नव्हती, तरी तिने पान वाढले आणि समोर बसली.

“चटणी कसली आहे?” तिने विचारले.

“तू वाढलीस तर सांगेन.”

तिने ताटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि ते अर्धा फेरा फिरवले. मीठ, लिंबाची फोड, लसणाची चटणी, काकडीची कोशिंबीर, सगळे माझ्यासमोर आले. मला आनंद झाला. मग मी विचारले, “भाजी कुठे गेली?”

ती रडली नाही. हात पुढे करून म्हणाली, “गाडीची किल्ली द्या.”

निदान

मोठ्या इस्पितळात माझ्या मेंदूचे चित्र काढले. तरुण डॉक्टरांनी ते पडद्यावर लावले आणि शैलाकडे न पाहता माझ्याकडे पाहून सांगितले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

“डोळे उत्तम आहेत. पण मेंदूचा उजवीकडचा एक भाग, काही आठवड्यांपूर्वी, रक्त न मिळाल्याने निकामी झाला. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. आणि दिसत नाही हेही कळत नाही.”

मी हरकत घेतली. दिसत नसेल तर काळोख दिसला पाहिजे, असा माझा युक्तिवाद होता.

डॉक्टर म्हणाले, “तुमच्या डोक्याच्या मागे आत्ता काय दिसतंय? काळं दिसतंय का?”

नव्हते दिसत. काहीच दिसत नव्हते, आणि त्याची उणीवही भासत नव्हती. या आजाराचे त्याहून चांगले वर्णन मी अजून वाचलेले नाही. माझ्यापुरते जग उजवीकडे सुरू होऊन मध्ये संपते, आणि ते पूर्ण आहे अशी माझी खात्री असते. म्हणून वाचकांना सांगतो: घरातले माणूस पानाची एकच बाजू टाकू लागले, दाराच्या एकाच चौकटीला धडकू लागले, तर त्याच्या स्वभावाला दोष देऊ नका. ताट फिरवून पाहा.

इस्पितळ

पहिले दिवस मी सर्वांवर रागावलेला होतो. परिचारिका अचानक उगवतात अशी मी लेखी तक्रार केली. पलंगाची डावी बाजू दाराकडे होती. दुसऱ्या दिवसापासून त्या दारातूनच बोलू लागल्या: “दामले-सान, मी डावीकडून येतेय. आता पायांशी आहे. आता खांद्याशी.” कोणी मला विचारले नाही, समजावले नाही; त्यांनी तक्रार वाचली आणि वागणे बदलले. पत्रे लिहिण्यात आयुष्य गेले, पण इतके नेमके उत्तर मला फार थोड्यांनी दिले आहे.

ओकाबे-सान नावाच्या उपचारतज्ज्ञ बाई रोज व्यायाम घेत. कागदभर तारे छापलेले. सापडतील तेवढ्यांवर खूण करायची. मी पटापट खुणा करून कागद परत दिला.

“झाले? सगळे?”

“सगळे. पण कागद अपुरा छापला आहे. अर्धी जागा वाया गेली आहे.”

“ही तक्रार कोणाकडे पाठवू?” त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारले. माझी कीर्ती मजल्यावर पसरली होती. मग त्यांनी कागदाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, “ही लाल रेघ दिसेपर्यंत मान वळवायची. दिसली नाही तर कागद संपलेला नाही.” जेवणाच्या ट्रेला लाल पट्टी, पुस्तकाला लाल पट्टी, पलंगाच्या कठड्याला लाल पट्टी. मान आधी, पाय नंतर, हे सूत्र त्यांनी माझ्याकडून इतके घोकून घेतले की शैला ते फोनवर ‘हॅलो’ऐवजी म्हणू लागली.

भीती मरणाची वाटली नाही. तो वाकलेल्या चाकाचा पांढरा रंग आठवला की वाटत असे. मिनामि-सान एक पाऊल आत असत्या तर? माझ्यावर खटला झाला नाही, कोणी दोषही दिला नाही. माझ्यासारख्या माणसाला त्याचा दिलासा वाटायला हवा होता. वाटला नाही.

त्या मला भेटायला आल्या, नवे चाक लावलेली गाडी ढकलत. मी पलंगावर ताठ बसून, मान वळवून, त्यांना पूर्ण पाहून क्षमा मागितली. आणि म्हणालो, “तुम्ही माझ्याकडे मागितलेली माफीही मला तुम्हाला परत करायची आहे.”

“ठेवा की,” त्या म्हणाल्या. “केव्हातरी लागेल तुम्हाला.”

निखिल

आमचा मुलगा निखिल तोक्योत, हिगाशी-कसाई भागात राहतो. तो आला, डॉक्टरांशी बोलला, आणि मला घरी आणल्यावर टेबलाशी बसून त्याने प्रकरण मांडले. मांडणी उत्तम होती. शिक्षण माझेच आहे.

“बाबा, इथे काय आहे? समुद्र आहे. तो विकेंडला येऊन बघता येतो. आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली स्टेशन आहे, हॉस्पिटल चालत आहे. शेजारी मराठी माणसं आहेत. आई, तूच सांग यांना.”

“मी नाही यायची,” शैला म्हणाली.

आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिले. मला त्यासाठी मान वळवावी लागली.

“ओसाकात इतकी वर्षं मी तुझे डबे केले आणि ह्यांच्या शर्टांना इस्त्री केली. इथे मिनामि-सानने मला पोहायला शिकवलं. साठी उलटल्यावर. त्यांना जमिनीवर ढकलगाडी लागते, पाण्यात नाही लागत. मला सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत पोहता येणार आहे का?”

“आई, पण उद्या तुला काही झालं तर? बाबा एकटे दवाखान्यापर्यंत तरी जाऊ शकतात का?”

म्हणून करार झाला. डिसेंबरच्या सुट्टीपर्यंत मी एकटा, कोणाच्या मदतीशिवाय, इस्पितळापर्यंत जाऊन परत येऊ लागलो तर आम्ही येथे राहू. नाहीतर घर विकून त्याच्याकडे जायचे. मला तो करार न्याय्य वाटला आणि आजही वाटतो. निखिल सुरुवातीच्या यादीत नाही.

वाहन परवाना मी स्वतः जाऊन परत केला. कोणी सांगण्याची वाट पाहिली नाही. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही हातांनी तो घेतला आणि “इतकी वर्षे सुरक्षित चालवल्याबद्दल आभार” असे म्हणून मान लववली.

बस

आमच्या गावाची एक छोटी बस आहे. ती आमच्या गल्लीत, तांदळाच्या दुकानापाशी थांबत असे. घरातून निघायचे, डाव्या हातातली काठी भिंतीला लावत कोपऱ्यापर्यंत जायचे, बसमध्ये चढायचे, इस्पितळाच्या दारात उतरायचे. एकही रस्ता ओलांडायचा नाही.

मे महिन्यात आधी शैला बरोबर आली. मग ती दहा पावले मागे चालू लागली आणि मला कळत नाही अशी तिची समजूत होती. मग एके दिवशी ती आलीच नाही. मी इस्पितळातून फोन केला.

“पोहोचलो.”

“बरं,” ती म्हणाली. “येताना कोथिंबीर मिळते का बघा. आणि दुकानाच्या डावीकडच्या शेल्फवरही बघा.”

एवढेच. पण त्या दिवशी बसच्या खिडकीतून समुद्र पाहताना मला प्रथमच वाटले की हे गाव आमचे राहील.

जूनपासून बसचा मार्ग बदलला. गल्लीतला थांबा बंद झाला. आता बस किनारी महामार्गापलीकडे, पर्यटकांच्या गाड्यांसाठी बांधलेल्या विश्रांतीस्थळाशी थांबते. कारण विचारले तेव्हा सांगण्यात आले की गल्लीत वळायला वेळ जातो आणि उन्हाळ्यात वेळापत्रक कोलमडते. महामार्ग ओलांडायला पांढरे पट्टे आहेत. सिग्नल नाही.

वाचकांनी हे नीट समजून घ्यावे. येथे, आपल्याकडच्याप्रमाणे, वाहने डावीकडून चालतात. रस्ता ओलांडताना अर्ध्या वाटेपर्यंत गाड्या उजवीकडून येतात. त्या मला दिसतात. मधली रेघ ओलांडली की गाड्या डावीकडून येतात, म्हणजे जेथे माझ्यासाठी जग नाही तेथून. मी मान वळवतो, थांबतो, पुन्हा वळवतो. पण वेगाने येणारी गाडी आणि वळणारी मान यांची शर्यत असते.

जुलैत मी एकटा निघालो. मधल्या रेघेपर्यंत पोहोचलो, मान वळवली, काही दिसले नाही, पाऊल टाकले. ब्रेकचा आवाज आला आणि माझ्या बाहीला वारा लागला. मासळीचा ट्रक होता. चालक खाली उतरला. तोच माझी क्षमा मागत होता. मी मागे फिरलो. घरी येऊन शैलाला सर्व सांगितले. तेव्हापासून ती माझ्या डाव्या बाजूने चालते, आणि करारातला ‘एकटा’ हा शब्द आमच्या दोघांच्या मध्ये चालतो.

पत्रव्यवहार

मी वाहतूक विभागाला लिहिले: गल्लीतला थांबा परत द्या, नाहीतर पट्ट्यांवर सिग्नल बसवा. उत्तर आले: आपल्या मौल्यवान मताबद्दल आभारी आहोत, विचार करू. पुन्हा लिहिले. पुन्हा विचार करू. तिसऱ्या पत्रानंतर एक तरुण अधिकारी स्वतः घरी आले. बूट नीट जोडून ठेवले, चहा घेतला, आणि सौजन्याने म्हणाले:

“दामले-सान, आपली अडचण आम्हाला समजते. पण खरं सांगायचं तर आपल्याखेरीज कोणाचीही तक्रार नाही.”

मला ते खरे वाटेना. मी शैलाला घेऊन शेजारी गेलो. मिनामि-सान दर महिन्याला गुडघ्यांच्या इंजेक्शनसाठी त्याच बसने जात.

“तुम्ही थांबा बदलल्याची तक्रार का नाही केलीत?”

“मी आता जातच नाही हो,” त्या म्हणाल्या. “मी हळू. सगळ्या गाड्या माझ्यासाठी थांबून राहतात. लोकांना किती त्रास.”

“आणि गुडघे?”

“घरात काय, भिंतीला धरून चालता येतं.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले की तक्रार नाही, हे कार्यालयाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. ज्यांना तो रस्ता ओलांडता येत नाही ते घरी बसतात, आणि घरी बसलेल्या माणसाची नोंद कोठेच होत नाही. बसमध्ये ते दिसत नाहीत, पट्ट्यांवर दिसत नाहीत, म्हणून सर्व सुरळीत आहे असा निष्कर्ष निघतो. आपल्याला दिसत नाही हेही ज्याला कळत नाही, अशा अवस्थेला काय म्हणतात ते मला इस्पितळात शिकवण्यात आले आहे. कार्यालयाला तेच झाले आहे. मला निदान लाल पट्टी तरी मिळाली.

मी मिनामि-सानना म्हणालो, माझ्या पुढच्या पत्रात तुमचेही नाव घालू द्या. शैला मध्ये पडली नाही. संत्रे सोलत राहिली.

“घाला,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण आधी माफी मागा. माझ्यातर्फे.”

वर्गमित्रास

स्कूटर घेऊ नकोस. घर पाहायला जाशील तेव्हा समुद्र शेवटी बघ. आधी त्या दारातून निघून दवाखान्यापर्यंत पायी जा, पावसात, हातात पिशवी घेऊन. एक डोळा झाकून जा. परत ये. जमले तर घर घे. आणि शेजारी कोण राहते ते बघ. मी ते बघितले नव्हते. मला ते नशिबाने मिळाले.

मागणी

हा मजकूर मी जपानी भाषेत उतरवून नगराध्यक्षांना पाठवत आहे.

मिनामि-सान यांच्या वतीने, आपणास होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमा मागतो. माझ्या वतीने मागत नाही.

मला खासगी उत्तर नको. घरी येऊन चहा घेऊ नये. आपले माहितीपत्रक दर महिन्याला गावातल्या प्रत्येक घरात टाकले जाते. त्यात, सर्वांना वाचता येईल असे, तीन प्रश्नांची उत्तरे छापावीत. गल्लीतला थांबा बंद करण्याचा निर्णय कोणी घेतला? त्याआधी या रस्त्यापलीकडे न जाऊ शकणाऱ्या माणसांच्या दारावर कोणी जाऊन विचारले होते काय? आणि निर्णय घेणाऱ्यांपैकी एकाने तरी तो महामार्ग, पट्ट्यांवरून, पायी, ओलांडला होता काय?

उत्तर डिसेंबरच्या अंकात यावे. त्यानंतर आम्ही येथे असू की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.